राजपुत्राची अक्कल

भवानी पेठेतल्या त्या बिडी कारखान्यात तीस-पस्तीस बाया मांडीवर सूप घेऊन ओळीनं बसायच्या, आणि त्यांच्यात काशम्माइतकी कमी बोलणारी दुसरी नव्हती. पान कापावं, चिमूटभर तंबाखू पसरावी, वळावं, दोरा गुंडाळावा. दिवसभर हात चालू, तोंड बंद. पण शुक्रवारी दुपारी हिच्या तोंडाचा पट्टा असा सुटायचा, की शेजारच्या गल्लीतल्या यंत्रमागांचा खडखडाट फिका पडावा.

कारण शुक्रवारी ‘रणघंटा’ यायचं.

सोलापुरातच छापलं जाणारं चार पानी साप्ताहिक ते. पहिल्या पानावर पाण्याच्या नळांची रड, दुसऱ्यावर बाजारभाव, चौथ्यावर जाहिराती. तिसऱ्या पानावर मात्र, सबंध पान भरून, कुणा ‘मायाधर’ची ‘सात दारांची नगरी’ ही चालू कादंबरी. साल चौऱ्याहत्तरचं. टीव्ही म्हणून काही असतं, हे मुंबईहून आलेल्या पाहुण्यांच्या तोंडून ऐकलेलं तेवढंच. कारखान्यात रेडिओ लावायला मालकाची मनाई. तेव्हा बायांनी आपली सोय आपण केली. शालन सातवी शिकलेली, तिनं वाचायचं; तिच्या वाटच्या बिड्या बाकीच्यांनी वळून द्यायच्या. बिड्या तपासणारा चेकर गुरप्पा पहिल्या शुक्रवारी ओरडला. दुसऱ्या शुक्रवारी तोच चौकटीला टेकून ऐकू लागला.

गोष्ट साधी होती. काळदंष्ट्र राक्षसानं राजकन्या हिरण्यमालेला सात दारांच्या नगरीत कोंडलं होतं आणि राजपुत्र अजयकेतू तिला सोडवायला निघाला होता. निघून चौदा महिने झाले होते आणि गडी अजून तिसऱ्याच दारापाशी होता.

का, ते काशम्माला पक्कं ठाऊक होतं.

“बिनडोक हाय मेला,” ती म्हणायची.

पहिल्या दारापाशी एका ऋषीनं त्याला माळ दिली आणि बजावलं, जमिनीवर ठेवू नकोस. यानं पाय धुताना ती काठावर ठेवली. नागानं नेली. दुसऱ्या दारापाशी एक म्हातारी रडत बसली होती. यानं तिला पाठीवर घेतलं, तिनं तलवार पळवली. बरं, कोवळं वय, दया आली असेल. पण तिसऱ्या दारापाशी पुन्हा एक म्हातारी रडत बसलेली, आणि यानं तिलाही पाठीवर घेतलं.

“तीच म्हातारी की गं!” काशम्मानं सूप आदळलं. तंबाखू उडून सगळ्यांना शिंका. “तेच लुगडं, तीच काठी, डाव्या गालावर तोच मस! अय्यो, ह्याला देवानं डोळे दिलेत का नुसत्या खोबण्या?”

घोड्याची तऱ्हा तर विचारूच नये. अजयकेतूचा श्वेतकर्ण घोडा माणसासारखा बोलायचा, त्याला मागचं-पुढचं सगळं दिसायचं; अट एवढीच, की विचारल्याशिवाय तो सांगणार नाही. चौदा महिन्यांत राजपुत्रानं त्याला एकच प्रश्न विचारला होता: “मित्रा, तहान लागली का?”

आणि राजकन्या! आईनं दिलेली सातही दारांची किल्ली तिच्या अंबाड्यात खोवलेली होती. मायाधरानं हे चौथ्याच भागात लिहिलं होतं. तरी बाईसाहेब खिडकीत बसून टिपं गाळत होत्या.

“रातच्याला उशीला डोकं टेकताना टोचत न्हाय का हिला ती किल्ली?” काशम्मा विचारायची. बाया हसून लोळायच्या. खरं सांगायचं तर निम्म्या बाया गोष्टीपेक्षा काशम्माच्या शिव्याच ऐकायला बसत.

मग एका शुक्रवारी काळदंष्ट्रानं राजपुत्राला खलिता धाडला: ‘मी आता सुधारलो आहे. उद्या निःशस्त्र जेवायला ये.’ राजपुत्राचे डोळे भरून आले आणि तो जेवायला निघाला. क्रमशः.

काशम्मानं सूप बाजूला सारलं. तिनं शालनच्या हातातला अंक घेतला, घडी घालून कमरेला खोचला.

“मावशी, कुटं चालला?”

“हे कुटं छापत्यात?”

“मागल्या बोळात की. मानसिंगदादाच्या छापखान्यात.”

संध्याकाळी ती तिथं उभी राहिली. मानसिंग हा छापखान्याचा मालक, ‘रणघंटा’चा संपादक आणि यंत्रावरचा कामगारही, तिन्ही कामांची शाई त्याच्या कोपरापर्यंत चढलेली. मायाधर कोण, असं तिनं विचारताच त्यानं हनुवटीनं कोपरा दाखवला.

काशम्माच्या मनातला मायाधर मिशीवाला, पटकेवाला होता. कोपऱ्यातल्या स्टुलावर जकात नाक्याच्या खाकी सदऱ्यातला एक काटकुळा कारकून कडक भाकरीचा तुकडा शेंगाच्या चटणीत बुडवत बसला होता.

“तुमीच का ते मायाधर?”

माणूस खुलला. चौदा महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी वाचक भेटायला आला होता. “व्हय. म्हणजे मी धोंडिराम खटके, मूळचा मोडनिंबचा. आवडते का गोष्ट?”

“न्हाय,” काशम्मा म्हणाली. “तुमचा राजपुत्र गाढव हाय.”

आणि तिनं माळेपासून खलित्यापर्यंत सगळं मोजून दाखवलं. धोंडिरामच्या हातातला तुकडा हातातच राहिला.

“बाई, तो धीरोदात्त आहे. विश्वास ठेवणं हा राजाचा गुण...”

“दोन डाव फसल्यावरबी? त्याला आमच्यात गुण म्हणत न्हाईत. बरं, घोड्याला का इचारत न्हाय?”

“घोड्यानं सांगितलं तर गोष्ट संपेल की!”

“मग बोलणारा घोडा घेतला कशाला? मुका घ्यायचा की. स्वस्त पडला असता.”

मानसिंगला हसू आवरेना. त्यानं पायानं चालवायचं यंत्र थांबवलं आणि पोट धरलं. ते हसू धोंडिरामच्या मनाला लागलं. नाक्यावर दिवसभर ट्रकवाले त्याला “ए कारकून” म्हणायचे; मायाधर तो फक्त या कोपऱ्यात होता, आणि त्या कोपऱ्यातही आता एका बिडीवाल्या बाईनं त्याची अब्रू धुऊन वाळत घातली होती.

“ठीक आहे,” तो उठत म्हणाला. “पुढच्या शुक्रवारी शहाणाच राजपुत्र देतो तुम्हाला.”

पुढच्या शुक्रवारी शालननं तिसरं पान उघडलं आणि तिचा चेहरा उतरला. सबंध पानाऐवजी वीतभरही मजकूर नव्हता. ती वाचू लागली:

‘अजयकेतूने श्वेतकर्णास विचारले, काय करू? श्वेतकर्ण म्हणाला, जेवायला जाऊ नकोस. राक्षस दुपारी घोरत असतो. राजकन्येच्या अंबाड्यात किल्ली आहे, खालून हाक मारून तिला आठवण करून दे. त्याने हाक मारली. ती दारे उघडून आली. दोघे घोड्यावर बसून घरी गेली. लग्न झाले. समाप्त.’

खाली उरलेल्या जागेत दंतमंजनाची भलीमोठी जाहिरात.

“संपली?” गुरप्पानं विचारलं.

“संपली,” शालन म्हणाली.

सगळ्यांच्या माना काशम्माकडे वळल्या. “झालं समाधान?” शिवबाई म्हणाली. नऊ वर्षं ती काशम्माला खेटून बसत होती. तिनं आपलं सूप उचललं आणि सरळ पलीकडच्या ओळीत जाऊन बसली.

पुढचे शुक्रवार कसे गेले ते त्या बायांनाच ठाऊक. वैशाखाचं ऊन, डोक्यावर तापलेला पत्रा, नाकात तंबाखूची धूळ, आणि कानाला काही नाही. शालननं एकदा नळांची रड वाचून पाहिली. “आपल्या नळाला पाणी न्हाय ते आपल्याला म्हाईत हाय,” असं म्हणून बायांनी तिला गप्प केलं. गुरप्पाला दुसरा उद्योग उरला नाही, तेव्हा तो बिड्या जास्तच बारकाईनं तपासू लागला. त्याचंही खापर काशम्माच्याच माथी.

तिला मनातून चीड याची होती, की आपण चुकलो असं कुणीच म्हणत नव्हतं. राजपुत्र गाढव होता हे सगळ्यांना मान्य होतं. तरी शहाणपण सांगणारीच वाईट ठरली होती.

चौथ्या आठवड्यात ती पुन्हा छापखान्यात गेली. धोंडिराम त्याच स्टुलावर बसून या खेपेस नळांची रड लिहीत होता.

“बाई, तुमच्या पायी अंक पडून राहायलेत,” मानसिंगनं दारातच ऐकवलं.

धोंडिरामनं मान वर केली नाही. “आलात? बघितलं ना? शहाणा माणूस आला की गोष्ट खलास. जगातल्या सगळ्या गोष्टी मूर्खांच्या जिवावर चालतात, बाई. शहाण्याला गोष्टच नसते.”

काशम्मानं पदर कमरेला खोचला. मग कागदाच्या गठ्ठ्यावर बसली.

“कोन म्हणलं तुला?” रागात ती ‘तुम्ही’ विसरली. “मी कवा म्हातारी पाठीवर घेतली, सांग की! माझा नवरा गिरणीत होता. खोकला सुरू झाला तसं दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं. अंगारे न्हाईत, धुपारे न्हाईत. डाक्तर म्हणला तसं औषद दिलं, घड्याळ बघून. दोन वर्सं. तरी गेला. पोरगी हाय, तिला शिकवलं. सगळे म्हणले शहाणी हाय काशम्मा. स्थळं आली तर म्हणत्यात, शिकलेली हाय, म्हणजे नवरापन शिकलेला पायजे, म्हणजे हुंडा जास्ती पायजे! मी काय गाढवपणा केला? घोडा न्हवता माझ्याकडं, पन चार शाण्या मान्सास्नी इचारूनच केलं सगळं. मग माझी गोष्ट वीतभर जागेत संपली का? खाली दंतमंजन छापलं का?”

यंत्र केव्हाच थांबलं होतं. धोंडिरामनं टाक खाली ठेवला.

“पुढं?” त्यानं विचारलं.

“पुढं काय? उद्या सकाळी आट वाजता कारखाना.”

ती निघून गेली.

दोन आठवड्यांनी तिसरं पान पुन्हा भरलं. ‘राणी हिरण्यमाला’, लेखक मायाधर. लग्नानंतरची गोष्ट. शिवबाई सूप घेऊन आपल्या जुन्या जागी आली, बोलली मात्र नाही.

राणी आता शहाणी झाली होती. दुष्काळ पडायच्या आधी तिनं कोठारं भरली. खुशामत करणाऱ्या प्रधानाला पेन्शनीत काढलं. रस्त्यात रडणारी म्हातारी दिसली, तिला पाणी दिलं, भाकरी दिली, आणि बैलगाडीत बसवून दिलं. काशम्मा ऐकत होती आणि वळत होती. पाच शुक्रवार तिला शिवी द्यायला जागाच सापडली नाही.

“मावशी, काय तर बोला की,” शालन कुरकुरली. “असं सुनं सुनं वाटतंय.”

“बरुबर करतीया ती. काय बोलू?”

सहाव्या शुक्रवारी अजयकेतूला खोकला झाला. राणीनं त्याच दिवशी वैद्य बोलावला. पाणी उकळून दिलं, औषध घटका मोजून दिलं. शेवटी ती तबेल्यात गेली आणि घोड्याला विचारलं. श्वेतकर्णानं मान खाली घातली आणि म्हणाला, ‘हे मला दिसत नाही.’ पहाटे राजा गेला.

शालननं पान मिटलं. काशम्माच्या हातात अर्धी वळलेली बिडी तशीच होती. कुणी तिच्याकडे बघेना, आणि बघितल्याशिवायही राहवेना. ती उठली. केसांत तंबाखू, पदरावर पानांचे तुकडे, तशीच बोळातून छापखान्यात.

“त्याला उटवा,” ती म्हणाली.

धोंडिराम उभा राहिला. “अक्का, कसं उठवू?”

“राक्षस घडीवता येतो, घोड्याला बोलतं करता येतंय, आन् एक खोकला बरा करता येत न्हाय तुमाला?”

“तुम्हीच सांगितलं की. सगळं बरोबर केलं तरी...”

“ते माझं सांगितलं मी! ही गोष्ट हाय. हितं कोन अडीवणार हाय तुमाला? हितं तरी वाचवायचं की मान्साला!”

धोंडिराम पुन्हा स्टुलावर बसला. नाक्यावर कुणी आवाज चढवला की लगेच पावती फाडून देणारा माणूस तो. पण आज त्यानं मान हलवली. “नाही अक्का. उठवला तर लबाडी होईल. तुमच्याशीच.”

काशम्मानं त्याला, त्याच्या मोडनिंबला आणि त्याच्या सात पिढ्यांना काय म्हणायचं ते आपल्या घरच्या तेलुगूत म्हणून घेतलं. एवढ्या वर्षांत मानसिंगच्या कानावर बरंच तेलुगू पडलं होतं; त्यानं तोंड फिरवलं. पदरानं डोळे पुसून ती बाहेर पडली.

पुढच्या शुक्रवारी ती ऐकेल की नाही, कुणाला खात्री नव्हती. शालननं चाचरत विचारलं, “वाचू का, मावशी?”

“वाच.”

राजाचे दिवस झाले होते. दूरदेशी असलेला धाकटा दीर गळा काढत आला होता. ‘वहिनी, तुम्ही आता विश्रांती घ्या, कोठारांचं मी बघतो,’ असं म्हणाला. राणी थकली होती. तिनं त्याला महालात ठेवून घेतलं. क्रमशः.

“ठिवून घेतलं?” काशम्मा म्हणाली. “महालात? भायेर धर्मशाळा न्हवती का?”

“तिनं तरी काय करावं?” शिवबाई इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच तिच्याशी बोलली. “एकली बाई. घरात पुरुष मानूस नगं का?”

“कोठाराला पुरुष मानूस कशाला पायजे? मापाला काय मिशा लागत्यात?”

निम्म्या बाया शिवबाईच्या बाजूच्या झाल्या, निम्म्या काशम्माच्या. दीर खरंच रडला असेल, असं एक म्हणाली. तिला दोघींनी मिळून झोडपलं. गुरप्पा मध्ये पडून वारसाहक्काचं काही सांगू लागला, त्याला बायांनी बसवलं. शालनला तो भाग दोनदा वाचावा लागला, दीर नेमक्या कोणत्या डोळ्यातून रडला ते बघायला. सुट्टीचा भोंगा झाला तरी भांडण मिटलं नव्हतं.

त्या संध्याकाळी गुरप्पानं काशम्माचे बिड्यांचे कट्टे तपासले आणि निम्म्या बिड्या सैल म्हणून बाद करून छाटात फेकल्या. असं तिच्या बाबतीत कधीच झालं नव्हतं. ती भांडेल म्हणून तो थांबला. पण काशम्माचं तिकडे लक्ष नव्हतं. शिवबाईचा दंड धरून, दाराकडे जाता जाता, राणीनं त्या दिराला पहिल्याच दिवशी कोणत्या शब्दांत वाटेला लावायला हवा होता, ते ती तिला शब्दन् शब्द सांगत होती.