मुंगळ्यांची ओवाळणी

भोंगवलीच्या शेफालीनं बांधावरनं मुंगळ्यांची राणी आणून काचेच्या बरणीत, शेतातल्याच मातीत पाळली होती. साखरपाणी काय, मेलेले किडे काय, पोरीचं सगळं लक्ष बरणीत. राणी मातीआड, कधी दिसायची नाही. पण वर फिरणारे मुंगळे वाढत होते, तेवढ्यावर शेफाली खूश होती.

भोरचा चुलतभाऊ स्वरूप आला नि हसत सुटला. "डोंबल दिसतंय ह्यात! मुंगळे पाळलेस का माती?" त्याच्याकडं म्हणे प्लास्टरचं घरटं होतं, वरून काच, आतली खोलीन् खोली दिसायची. शेफाली दळण आणायला गेली, तेवढ्यात ह्या शहाण्यानं बरणी परातीत उपडी केली, राणी नि हाताला लागतील तेवढे मुंगळे डबीत भरले आणि एसटीनं पसार झाला. मागं राहिली चेंगरलेली अंडी.

शेफाली रडली नाही. दातओठ खात म्हणाली, "थांब मेल्या, तुला रडवलं न्हाई तर बघ!"

संधी त्यानंच आणून दिली. दिवाळीच्या तोंडावर फोन आला. "शेफे, प्लास्टर लई सुकतंय गं. पाणी घालू का?"

माती आपली ओल आपण धरून ठेवते, प्लास्टरला मात्र पाणी पाजावं लागतं. हे शेफालीला पक्कं ठाऊक होतं. राणी आपलीच आहे, हेही ठाऊक होतं. पण सूड कुणाला ऐकतो होय?

"नको रं बाबा! बुरशी धरंल. थेंबसुद्धा घालू नको."

फोन ठेवला नि तिच्या काळजाला असा गारवा वाटला म्हणता! खोलीन् खोली दिसते ना, मग बस म्हणावं एकेक मरताना बघत.

भाऊबीजेला स्वरूप पाटावर बसला. मनातल्या मनात शिव्या हासडत तिनं ओवाळलं. ताटात नोट टाकायची सोडून त्यानं पिशवीतनं फडक्यात गुंडाळलेलं घरटं काढलं नि तिच्यापुढं धरलं.

"तुजी राणी. चुकलं माजं, शेफे. त्यांना अंधार लागतो म्हनून आठवडाभर फडकं काढलं न्हाई बघ. आन् तू सांगितलंस तसं, पान्याचा थेंब घातला न्हाई."

"घे की गं," आई म्हणाली, "भावानं मायेनं आणलंय."

शेफालीनं फडकं सोडलं. कोपऱ्यातल्या खोलीत राणी आडवी पडली होती नि तिच्या अंगावर मुंगळ्यांचा ढीग होता. शेफालीनं ताट खाली ठेवलं, पाटाजवळचा तांब्या उचलला नि सगळं पाणी प्लास्टरवर ओतलं. एकही मुंगळा हलला नाही.