बॅटरीकडची दुसरी फेरी

"अजून किती मिनिटं?" मॅनेजरने तिसऱ्यांदा विचारलं.

"सहा," वायरमन म्हणाला.

मेन स्विच बंद करून, कुणी तो परत चालू करू नये म्हणून त्याने आपलं कुलूप लावलं होतं, किल्ली डाव्या खिशात टाकली होती. पण भट्टीचा पंखा चालवणाऱ्या मोटरच्या ड्राइव्हचं, म्हणजे तिचा वेग सांभाळणाऱ्या पेटीचं, तेवढ्याने भागत नाही. वीज तोडली तरी आतले कपॅसिटर विजेचा साठा धरून बसतात. दहा मिनिटं थांबा, असं पेटीच्या दारावरच लिहिलं होतं.

"आत माल आहे. पंखा नाही फिरला तर सगळा करपेल. वर जाऊन काय सांगू, आमचे वायरमनसाहेब घड्याळ बघत बसले होते म्हणून?"

वायरमनने घड्याळावरची नजर काढली नाही. अकरा वर्षांपूर्वी अशाच घाईपायी त्याने तीन मिनिटांत झाकण काढलं होतं, मीटरवर शून्य पाहिलं होतं आणि शेजारी उभ्या असलेल्या दाजींना म्हटलं होतं, "घाला हात." दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, त्याला हे काम शिकवणारे. मीटर बिघडलेला होता आणि दाजींची तीन बोटं गेली. तेव्हापासून ते स्टोअरच्या खिडकीत बसतात, सह्या डाव्या हाताने करतात. त्यांनी त्या दिवसाचा विषय कधी काढला नाही, ताईनेही नाही. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्यांच्या घरी जेवताना त्याला दर वेळी वाटे.

त्यानंतर त्याने एक रीत पाळली. मीटर चालतोय याची खात्री म्हणून तो आधी माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्टच्या बॅटरीला लावायचा, मग ड्राइव्हला आणि मग पुन्हा बॅटरीला. लोक बॅटरीला त्याचा सासरा ठरवून थट्टा करायचे, "सासऱ्यांना विचारून आलात का?" म्हणून.

दहा मिनिटं झाली. त्याने अंगठी काढली, रबरी हातमोजे चढवले, मीटर ड्राइव्हला लावला. शून्य.

"सुटलो. लागा आता कामाला," मॅनेजर म्हणाला.

वायरमन उठून फोर्कलिफ्टकडे निघाला.

"अहो, मघाशीच दाखवलेत ना बॅटरीवर अठ्ठेचाळीस व्होल्ट? पुन्हा कशाला?"

त्याने मीटर बॅटरीला टेकवला. शून्य. दाबून धरला, तरी शून्य. मीटरची वायर मुळाशी वाकवली तेव्हा आकडा क्षणभर आला आणि गेला. वायर आतून तुटली होती. तो फोर्कलिफ्टच्या पायरीवर बसला आणि त्याने आपली दहाही बोटं पाहिली.

स्टोअरच्या खिडकीतून दाजींनी सगळं पाहिलं असावं. दुसरा मीटर घेऊन ते स्वतःच आले.

"ऊठ. हा लाव."

बॅटरीवर अठ्ठेचाळीस. ड्राइव्हवर चारशे दहा.

मॅनेजर पुढे वाकून पाहत होता, तो दोन पावलं मागे सरला. त्यानंतर त्याने मालाचं नाव काढलं नाही.

साठा आपोआप उतरवणारा भाग आत जळून गेला होता. वायरमनने वीज जिरवणारा लांब दांडीचा रेझिस्टर लावून साठा उतरवला. शून्य आलं. पुन्हा बॅटरी, अठ्ठेचाळीस. सगळं रीतसर झालं, पण उघड्या ड्राइव्हसमोर त्याचा हात काही उठेना.

"दाजी, त्या दिवशी मी..."

"मला ठाऊक आहे."

"मी बॅटरीकडे गेलो असतो तर..."

"मीही जाऊ शकलो असतो. माझेही पाय होते." दाजींनी टॉर्च उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि उरलेल्या एका बोटाने धरली आणि आत उजेड पाडला. उजेड जरासुद्धा हलत नव्हता.

"आकडे मी बघितलेत," ते म्हणाले. "घाल हात."

वायरमनने डावा हात खिशात घातला. किल्ली तिथेच होती. मग त्याने उजवा हात आत घातला.