शेळीच्या पोटातलं बी

देवाने माणसाला नाक दिलं ते सुगंध घ्यायला. पण फिनेलबाईने आपलं नाक जन्मभर घाण शोधायलाच वापरलं. दातांच्या दवाखान्यात चिमटे आणि आरसे उकळायचं तिचं काम. घरी आली की दाराची कडीसुद्धा आधी पुसायची, मग तिला हात लावायची. नाव गल्लीने ठेवलेलं, पण तिला ते शोभायचं. अशी ही बाई त्या सकाळी शेजारच्या गोठ्यात, शेळीच्या मागे, हातात डबडं घेऊन उकिडवी बसली होती.

तशी वेळच आली होती. मागल्या अंगणात तिच्या सासूने डोंगरावरून बी आणून लावलेली दूधशेंगी होती. गुडघाभर रानटी झुडूप, शिडीच्या पायऱ्यांसारखी जोडीजोडीने पानं, फिकट जांभळी फुलं, त्यांच्यावर मधमाश्यांची झुंबड. शेंगा फुगीर, वाळल्या की खुळखुळ्यासारख्या वाजायच्या. शेळीने खाल्ली तर दूध वाढतं म्हणतात, म्हणून ते नाव. मूळ फार खोल जातं, त्यामुळे उपटून दुसरीकडे लावलं तर मान टाकते. नवी हवी तर बीच पेरायला हवं. सासू गेल्यावर सासऱ्यांनी मूठभर बी पेरलं होतं. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, हात हलका, पण बी खड्यासारखं पडून राहिलं. मग पावसात जुनं मूळही कुजलं. झुडूप उभ्या उभ्या वाळलं, आणि उरल्या त्या शेवटच्या शेंगा.

फिनेलबाई कचरा टाकायला गेली आणि फाटकाची कडी लावायची राहिली. शेजारची शेळी आत आली आणि शेंगांसकट सगळं फस्त करून गेली.

"बाबा, चुकलं माझं," ती सासऱ्यांना म्हणाली.

"असू दे गं," म्हणत त्यांनी जेवणाचं ताट बाजूला सरकवलं. चार शब्द रागावून बोलले असते तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाला चावी दिली नाही.

शेवटी शेळीच्या मालकिणीने, शेजारच्या दूधवाल्या काकूंनीच तोड काढली. "अगं, एवढं टणक बी! गेलं तसं बाहेर येईल. बस तिच्या मागे!"

ती बसली. पदर नाकाला, डोळ्यांत पाणी.

"काकू, ही कधी करणार?"

"आता तिने काय तुझ्या दवाखान्यासारखी वेळ घेऊन यायचं?"

आणि मग शेळीने कृपा केली. गरम, ओल्या लेंड्या टपटप डबड्यात पडल्या. एक तिच्या मनगटावर. घरी येऊन तिने त्या पाण्यात कालवल्या, बोटांनी फोडल्या, हिरवट-काळा रेंदा हाताला चिकटला, नखांत गेला. सापडलं ते पहिलं गाळणं तिने पुढे ओढलं. ते चहाचं होतं. ओतताना जो भपका आला, त्याने ती दोनदा मोरीकडे धावली. "शी शी शी! देवा, कुठल्या जन्माचं हे!"

आवाज ऐकून सासरे डोळ्याला भिंग लावून आले. त्यांनी घड्याळाचा चिमटा त्या राड्यात घातला आणि मोहरीहून थोडा मोठा, तपकिरी दाणा उचलला.

"अगं, आहे! हे बघ!"

"बाबा, लांबून दाखवा!"

दाणे मिळत गेले. सासऱ्यांनी ते उघड्या उन्हाच्या जागी, थोड्याशा वाळूत पेरले, पाणी बेताचं. ती गाळणं बाजूला ठेवून म्हणाली, "हे कचऱ्यात." आणि साबणाने हात घासत राहिली, कातडी लाल होईपर्यंत.

जे बी मातीत नुसतं पडून राहिलं होतं, त्याचं कवच शेळीच्या पोटाने मऊ केलं होतं. एका सकाळी वाळूतून इवली दोन पानं वर आली. पलीकडे आणखी एक जोडी. सासरे आत गेले, घड्याळाला चावी दिली आणि स्वतः चहा करून आणला.

"घे. आज माझ्या हातचा."

तिने मोठा घोट घेतला. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओट्यावरच्या खुंटीकडे नजर गेली. तिथे ते गाळणं लटकत होतं, ओलं, चहाच्या चोथ्यासकट.

तोंडात घोट तसाच ठेवून तिने नुसतं बोट दाखवलं.

"चांगलं होतं की! मी धुतलं दोनदा. तेव्हापासून तेच वापरतोय."

तेव्हापासून! घोट तिच्या तोंडातच थांबला. डोळे भरले, मोरी दोन पावलांवर. समोर म्हातारा रोपावर ओणवा होऊन, बायकोशी बोलावं तसं हळू काहीतरी पुटपुटत होता. त्याने मान वर केली. "गोड झालाय ना?"

तिने डोळे मिटले आणि घोट गिळला.