सांत्वनाचा नमुना

दुपारच्या टपालाने पाकीट आलं. पत्रबाईंच्या नवऱ्याने ते दारातच फोडलं, कपाळावरचा चष्मा खाली ओढून वाचलं आणि तो उंबऱ्यावरच मटकन बसला.

"अगं ए, ऐकलंस का? मी गेलो म्हणे!"

"भलतंसलतं काय बोलताय?" पत्रबाईंनी तो कागद हिसकावलाच. थट्टेचे दिवस होते का ते? पाठची बहीण जाऊन जेमतेम आठवडा झाला होता.

पत्र काचकारखान्याचं, म्हणजे बाईंच्याच कचेरीचं होतं. 'आपल्या पतीच्या दुःखद निधनाची वार्ता ऐकून आम्हां सर्वांना तीव्र धक्का बसला. काळापुढे कुणाचे काही चालत नाही. आपण धीर धरावा. या प्रसंगी संपूर्ण कारखाना परिवार आपल्या पाठीशी उभा आहे.'

उभा आहे? कुठे? कारखाना घरापासून दहा मिनिटांवर! आठ दिवसांत एक माणूस फिरकला नव्हता. एकोणीस वर्षं ज्यांच्यासोबत डबा खाल्ला, ज्यांच्या पोरांच्या शाळेचे अर्ज लिहून दिले, त्यांना बाईंचं कोण गेलं हेसुद्धा धड ठाऊक नव्हतं. आणि कहर म्हणजे हा मजकूर बाईंचाच. बारा वर्षांपूर्वी त्यांनीच तो घोटून घोटून तयार केला होता. नात्यापुरती जागा रिकामी ठेवलेली. कुणी गेलं की तेवढं नातं भरायचं, साहेबांच्या वतीने सही ठोकायची आणि पाकीट रवाना करायचं. याच कामामुळे तर त्यांना सगळे 'पत्रबाई' म्हणायला लागले होते.

"दगा दिला हो सगळ्यांनी," बाई म्हणाल्या आणि पदरात तोंड खुपसून रडल्या. दुसऱ्या दिवशी राजीनामा लिहूनच त्या कारखान्यात गेल्या.

त्यांना बघताच सगळ्या माना फायलींत गेल्या. बाईंनी साहेबांच्या टेबलावर पत्र आपटलं. "माझा नवरा घरी धडधाकट बसलाय, साहेब!"

साहेबांचा चेहरा पडला. "अरेरे! मागच्या पत्रातलं 'पती' तसंच राहिलं बघा. माफ करा. पण बाई, मजकूर तुमचाच म्हणून पाठवला. तुमच्यापेक्षा चांगलं आम्हाला कुठलं लिहिता येणार?"

बाईंचे डोळे भरून आले. चारचौघांत रडायला नको म्हणून त्या जिना उतरून थेट पॅकिंगच्या खोलीत गेल्या. तिथे पॅकिंगवाल्या मावशी एकट्याच पेले कागदात गुंडाळत होत्या. बाईंना बघताच मावशींनी हातातला पेला खाली ठेवला आणि शेजारचं खोकं रिकामं करून दिलं.

"बस. कोण गेलं गं तुझं?"

"बहीण. धाकटी."

"कशी होती?"

हे आठ दिवसांत कुणी विचारलंच नव्हतं! बाई आधी हुंदक्यांतून बोलल्या, मग बोलतच सुटल्या. बहीण एकदा हसायला लागली की थांबायची नाही. लहानपणी तिची वेणी बाईच घालायच्या. शेवटी तापात तिने बाईंनाच हाक मारली. मावशी मध्ये एक अक्षर बोलल्या नाहीत. फक्त बाईंचा हात आपल्या खरखरीत हातात धरून बसल्या. बाईंना पहिल्यांदाच जरा मोकळा श्वास घेता आला.

"तुम्हीच तेवढ्या माझ्या, मावशी. बाकी सगळे विश्वासघातकी! मागच्या पत्रातलं 'पती' तसंच ठेवून मला पाकीट धाडलं!"

"आणि मागचं ते 'पती'वालं पत्र कुणाला गेलं होतं, आठवतंय?"

मावशींनी डब्याच्या पिशवीतून चौघडी केलेला कागद काढला. तोच मजकूर. खाली सही पत्रबाईंची.

"सहा महिने झाले आमचे हे जाऊन," मावशी म्हणाल्या. "तुझ्या पत्रात चूक एकही नव्हती हो. पण तू एक जिना वर होतीस गं! एकाच बाकावर डबा खायचो आपण. मला वाटलं, आज उतरेल, उद्या उतरेल. तू पत्र पाठवलंस. तुला आज जसं वाटतंय ना, अगदी तस्संच वाटलं मला."

"मला... काय बोलावं ते सुचलं नसतं, मावशी."

"कुणी बोलायला सांगितलं होतं? धीर धरा म्हणून लिहिलंस. अगं, धरायला तुझा हात तरी द्यायचास! सांत्वन म्हण, दिलासा म्हण, शब्द काय, तुझ्या टेबलावर ढिगाने पडलेत. ते दुसऱ्याच्या दारात पायी न्यावे लागतात."

हाय रे देवा! ज्या दग्यासाठी बाई सगळ्या कारखान्याला बोल लावत होत्या, तो पहिल्यांदा त्यांनीच दिला होता, आणि तोही सहीनिशी. त्यांना मान वर करवेना. मग त्यांनी मावशींचा हात घट्ट धरला आणि विचारलं, "कसे होते हो काका?"

मावशींच्या डोळ्यांना त्या दिवशी पहिल्यांदा पाणी आलं. "चहा फार गोड लागायचा त्यांना," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांनाही थांबवेना. राजीनाम्याचा कागद कुठल्या पेल्याला गुंडाळला गेला, ते त्या गिऱ्हाइकालाच ठाऊक!

पुढच्याच महिन्यात भट्टीवरच्या मुकादमाची आई गेली. साहेबांनी पत्र मागितलं. बाईंनी चपला पायात सरकवल्या. "तो नमुना मी फाडला, साहेब. चला, जाऊन येऊ."

"अहो, पण तिथे जाऊन बोलायचं काय?"

"काही नाही. आई कशी होती एवढं विचारायचं आणि ऐकत बसायचं."

वाचकहो, आपणही हात जोडल्याचं चित्र फोनवरून पुढे ढकलतो आणि कर्तव्य उरकलं म्हणून मोकळे होतो. दुःख कुणाला हलकं करता येत नाही, पण त्या माणसाला एकटं न सोडणं आपल्या हातात असतं. गेल्या वर्षभरात तुमच्या ओळखीत कुणाचं माणूस गेलं असेल आणि तुम्ही गेला नसाल, तर आज जा. उशीर झाला म्हणून लाजू नका. पत्रबाईंना तर एक जिना उतरायला सहा महिने लागले होते.