दोनच ताटं

सारी गल्ली त्याला कारागीर म्हणायची. जुने सोफे, खुर्च्या उसवायच्या, आतला स्पंज बदलायचा, नवं कापड चढवून द्यायचं, हा त्याचा धंदा. तोंडात मूठभर चुका, म्हणजे बारीक खिळे, धरायच्या, एकेक जिभेने पुढे काढायची आणि ठोकायची. त्यामुळे कमी बोलायची सवय त्याला कामानेच लावली होती. गिऱ्हाईक बडबडे, हा मान हलवी. बायको वारल्यापासून तर घरीसुद्धा तो तोंडात चुका असल्यासारखाच राही.

बायको मात्र भारी बोलकी. लग्नाला वर्ष होतंय न होतंय तोच तिने त्याला आरशासमोर पकडलं होतं. अंगात तिचाच झगा, कानात तिचीच कानातली. ती रडली, माहेरी निघून गेली. परत आली ती पिशवी खाली ठेवता ठेवता म्हणाली, "दारू पीत नाही, हात उचलत नाही. मग झगा घालता तर घाला. पण माझा नको, काखेत उसवून ठेवलाय. स्वतःचा शिवा."

त्याने शिवला. तेव्हापासून दर वर्षी मोठ्या सणाच्या संध्याकाळी दारं-पडदे लावून दोघं नटूनथटून जेवायला बसत. गुडघ्यांवर बसून ती त्याच्या झग्याच्या घेराला टाचण्या लावायची आणि चिडवायची, "बाईसाहेब, जरा सरळ उभ्या राहा. हललात तर टोचेल." ती एक संध्याकाळ त्याला वर्षभर पुरायची.

ती गेल्यावर लेकीने सणाला त्याला आपल्याकडे बोलवायला सुरुवात केली. जावई, नात, व्याही, विहीणबाई, भरलेलं टेबल. तो सूट घालून जाई, हसे, दोनदा वाढून घेई. घरी परतताना मात्र त्याला वाटे, आपल्या नावाने कुणी भलताच माणूस जेवून आला आणि आपण उपाशीच राहिलो.

यंदा सणाच्या आधी लेक दुकानात आली ती जेवणाच्या खुर्च्यांसाठी कापड निवडायला. नमुने उलटेपालटे करत होती. कारागिराने तोंडातल्या चुका तळहातावर काढल्या आणि एका दमात आपलं झगा घालण्याचं सांगून टाकलं.

ती आधी हसली. बाबा थट्टा करतोय असंच तिला वाटलं. मग तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"म्हणजे... तुला बाई व्हायचंय का, बाबा?"

"छे गं. मी तुझा बापच. सणाला तेवढं तसं नटलं की जिवाला बरं वाटतं. दुसरं काही नाही त्यात."

"कधीपासून?"

"तू व्हायच्या आधीपासून."

ती कितीतरी वेळ एकाच नमुन्यावरून हात फिरवत राहिली. त्याचे कान तापले. उगाच बोललो, असं त्याला झालं. शेवटी ती म्हणाली, "सणाला ये. तुला हवं तसं ये. तू माझा बाबा आहेस."

ती गेल्यावर तो उसवलेल्या सोफ्यातल्या स्प्रिंगांवरच मटकन बसला आणि लहान मुलासारखा रडला.

मग त्याने झगा शिवायला घेतला. डाळिंबी मखमल निवडली. मनगटावरचे केस झाकतील अशा लांब बाह्या केल्या, गळा बंद ठेवला. नातीला भडक दिसू नये, विहीणबाईंना अवघडल्यासारखं होऊ नये, हा विचार प्रत्येक टाक्यात होता. जावयाने काही विचारलं तर काय सांगायचं, तेही इस्त्री करताना मोठ्याने म्हणून पाहिलं. सणाच्या सकाळी त्याने दोनदा दाढी केली, ओठांना हलका रंग लावला, केसांचा टोप नीट बसवला, वरून जुना लांब कोट चढवला आणि टॅक्सी केली. ड्रायव्हरने आरशातून एकदा पाहिलं आणि रेडिओ मोठा केला.

लेकीने बेल वाजताच दार उघडलं आणि त्याला दंडाला धरून आत घेतलं. दार लगेच लागलं. भर दुपारी खिडक्यांचे पडदे ओढलेले, दिवे लावलेले. घरात आवाज नाही, चपला नाहीत. टेबलावर दोनच ताटं मांडलेली.

"बाकीची मंडळी?"

"सगळे ह्यांच्या आईकडे गेलेत." ती त्याच्या खांद्याकडे बघत बोलत होती. "म्हटलं, आपण दोघंच निवांत बसू. तुलाही मोकळं वाटेल."

"आणि चिमणी?"

"तिला सांगितलंय, आजोबांना बरं नाही, म्हणून मी त्यांच्या घरी चाललेय."

त्याने कोट काढला. लेकीने झग्याकडे पाहिलं न पाहिलंसं केलं, "छान शिवलायस," म्हणाली आणि वाढायला लागली. रस्सा ताटाबाहेर सांडला. तो पुसायला दोघं एकदमच वाकली आणि एकदमच मागे झाली.

पहिला घास घेतला तोच फोन वाजला. पडद्यावर नातीचं तोंड. लेकीने चटकन फोन असा फिरवला की तिच्यामागे नुसती भिंत दिसावी.

"आई, आजोबांना बरं वाटतंय का? मला बोलायचंय त्यांच्याशी."

"झोपलेत गं ते."

"मग उठले की सांग, मी त्यांच्या वाटचं गोड काढून ठेवलंय."

हाताच्या अंतरावर कारागीर घास तोंडात तसाच धरून बसला होता. चावला तर आवाज होईल, अशी त्याला भीती वाटली.

फोन ठेवला आणि लेकीचा बांध फुटला. "मला जमत नाहीये, बाबा. रोज रात्री स्वतःला समजावलं. म्हटलं, कपडेच तर आहेत. पण तुझ्याकडे बघवत नाही. आईला... आईला माहीत होतं?"

"होतं. घराला दार लावून आम्ही दोघं..."

"सणाच्या संध्याकाळी?" ती थबकली. "म्हणून मला मावशीकडे धाडायचात?"

कारागिराने मान हलवली.

"दर सणाला! मी मावशीच्या खिडकीत बसून राहायचे. सगळ्यांच्या घरी सगळे, आणि आपल्याच घरी मी का नको, हे मला कुणी सांगायचं नाही. मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय."

आपल्या सुखाच्या त्या संध्याकाळी लेक नेमकी कुठे असायची, हे त्याला माहीत होतं. पण ती तिथे कशी असायची, हा विचार त्याच्या मनाला कधी शिवलाच नव्हता. त्याने तिच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला. बाहीची मखमल तिच्या गालाला लागली आणि ती शहारली. त्याने हात मागे घेतला.

"जेवून घे," तो म्हणाला. "गार होतंय."

दोघं जेवली. निघताना तिने त्याच्या कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून दिली, शाळेत जाणाऱ्या पोराची लावावीत तशी, आणि खाली बघतच विचारलं, "पुढच्या वेळी सूट घालून येशील ना, बाबा? सगळे असतील."

"येईन की."

पुढच्या सणाला तो सूट घालून गेला. टेबल भरलेलं होतं. नात त्याच्या मांडीला चिकटून बसली, व्याह्यांनी खुर्च्यांच्या नव्या कापडाची तारीफ केली. लेकीने त्याला आग्रह करकरून वाढलं, सगळ्यांपेक्षा जास्तच. मधल्या वर्षात त्याने घरीसुद्धा झग्याला हात लावला नव्हता. शपथ वगैरे घेतली नव्हती. कपाट उघडलं की मावशीच्या खिडकीतली पोर दिसे आणि तो कपाट लावून टाके.

भांडी आवरताना लेकीने हलकेच विचारलं, "ते... अजून करतोस?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने त्याच्याकडे नीट, डोळे भरून पाहिलं. तिचा चेहरा उजळला होता. कारागीरही हसला. मग त्याने फडकं उचललं आणि ती देईल ती ताटं एकेक करून पुसत राहिला.