पाटीवरची चौथी ओळ

मानवजातीच्या वाटचालीत खरे क्रांतिकारक क्षण दोनच. एक, माणसाला अग्नी सापडला तो. आणि दुसरा, इतिहासात एम.ए. झालेल्या माझ्या भाचीने व्यवस्थापनाच्या पदवीसाठी अर्ज भरला तो. पहिल्या क्षणी मी हजर नव्हतो. दुसऱ्या क्षणी मला फोटो चिकटवायला डिंक आणायला पिटाळलं होतं, आणि मी परत येईपर्यंत तिने फोटो स्टेपल करून टाकला होता. स्टेपलची पिन थेट कपाळात.

भाचीचे वडील, म्हणजे माझे दाजी, लाँड्री चालवतात. अर्जाची बातमी ऐकून त्यांनी इस्त्री उभी केली.

"राजेमहाराजे संपले का? आता शेठ व्हायचंय?"

"बाबा, राज्यं लढाईत बुडत नाहीत, कोठारात बुडतात. पाच वर्षं लढाया वाचल्या. आता मला कोठार शिकायचंय."

"कोठार हे इथं आहे," दाजींनी मागच्या खोलीकडे बोट दाखवलं. "प्रवेश मिळाला तर शीक. नाही मिळाला तर सोमवारपासून काउंटरवर बस. मग मला कारणं सांगायची नाहीत."

दोन संस्थांनी वाटाण्याच्या अक्षता आधीच लावल्या होत्या. एकीने तर मुलाखतीत विचारलं होतं, "इतिहास? मग इकडे कशा?" चुकीच्या मजल्यावर उतरलेल्या माणसाला विचारावं तसं. आता तिसरी आणि शेवटची संस्था उरली होती. तिची शेवटच्या फेरीची अट अशी: एक चालता धंदा निवडा, आठवड्याभरात त्याचं दुखणं शोधा, उपाय करून बघा आणि आमच्यापुढे मांडा. बाकीच्या उमेदवारांनी हॉटेलं आणि कारखाने निवडले. भाचीने बापाची लाँड्री निवडली, कारण दाजी नेमके तीन दिवस गुडघा दाखवायला बहिणीच्या गावी निघाले होते.

दाजींची गाडी कोपऱ्यावरून वळली आणि भाचीने मला मागच्या खोलीत ओढलं.

तिथे न नेलेले कपडे टांगलेले होते. धुतलेले, इस्त्री केलेले, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेले, आणि मालकांनी वाऱ्यावर सोडलेले. दोनशे बारा नग. प्रत्येकाला कागदी टॅग, त्यावर तारीख आणि दाजींच्या अक्षरात शेरा. सगळ्यात जुना शर्ट अकरा वर्षांचा होता. शेरा होता: 'उद्या सकाळी हवाच.'

"मामा, ही पॅन्ट तुझी ना?"

"ठेव ती खाली."

"स्वतःच्या मेव्हण्याकडून न्यायला काय झालं?"

"पावती हरवली."

"मग?"

मी उघड्या दारातून काउंटरमागच्या भिंतीकडे मान वळवली. तिथे पाटी होती. दाजींची ही पाटी एकदाच रंगवलेली नव्हे. ती वाढत गेलेली. पहिली ओळ सुबक निळी: 'पावती आणावी.' तिच्याखाली लाल: 'पावतीशिवाय कपडे मिळणार नाहीत.' मग काळी, जरा घाईतली: 'कारणे सांगू नयेत.' आणि तळाशी, जागा पुरली नाही म्हणून आडवी कोंबलेली चौथी: 'रडू नये.'

भाची त्या पाटीकडे अशी बघत राहिली, की जणू एखाद्या पडक्या देवळात तिला शिलालेखच सापडला असावा. मग तिने चक्क भिंग काढलं. इतिहासवाल्यांची ही खोड जात नाही. समोर चहाचा कप ठेवा, आधी बुडाखालचा शिक्का वाचतील.

"चार थर आहेत मामा! चार वेगवेगळे काळ!"

मग पळापळ झाली. ताईला, म्हणजे तिच्या आईला, स्वयंपाकघरातून बोलावलं. लाल ओळ कधीची? "दुकानाला शटर बसवलं तेव्हाची." काळी? "तू आठवीत होतीस." आणि 'रडू नये'? "ती शाळेतली बाई रडली ना साडीसाठी, त्याच आठवड्यात." भाची प्रत्येक काळ दोनशे बारा टॅगांच्या तारखांशी पडताळत होती, मी हँगर धरून शिडीवर उभा होतो, ताई खालून "तोल जाईल रे" म्हणत शिडी हलवत होती. संध्याकाळी भाचीने किंकाळी फोडली. पाटीवर ओळ वाढली, की पुढच्या दोन महिन्यांत सोडून दिलेले कपडे दुप्पट होत होते. 'रडू नये'नंतर तिप्पट.

"लोक कपडे विसरलेले नाहीत," ती म्हणाली. "लोक बाबांना घाबरलेत!"

हे मी तिला फुकटात सांगितलं असतं. पण माझ्याकडे तारखा नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटीवर चादर पडली आणि चादरीवर कागद: 'पावती हरवली? आमचीही हरवते. या.' पहिला तास कुणी फिरकलं नाही. मग समोरचा चष्मेवाला आला, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघून घेत म्हणाला, "ते... आहेत का?" नाहीत म्हटल्यावर त्याने पाच वर्षांपूर्वीचं जाकीट छातीशी धरलं आणि दुकानातच घालून बघितलं. बटण लागेना, तरी तो खूश. दुपारपर्यंत रांग लागली. लोक आपापले कपडे ओळखून आनंदाने ओरडत होते, एकमेकांचे ओळखून जास्तच ओरडत होते. शाळेतली बाई आली, अडकलेली दुसरी साडी घेतली आणि पुन्हा रडली. दोन दिवसांत एकसष्ट नग गेले आणि तेवीस जणांनी जाताना नवे कपडे धुवायला टाकले. एकसष्टातली एक पॅन्ट माझी. कमरेत दोन इंच कमी भरली, पण ती लाँड्रीची चूक नव्हे.

चौथ्या दिवशी मांडणी होती. पहाटेच आम्ही पाटी भिंतीवरून उतरवली आणि रिक्षात घातली. याला कायद्यात चोरी म्हणतात. भाची म्हणाली, पुरावा म्हणतात.

सभागृहात तिच्या आधीच्या उमेदवाराने सेहेचाळीस स्लाइड दाखवल्या. परीक्षक तिघे: संस्थेचे संचालक, संख्याशास्त्राच्या बाई आणि एक कारखानदार, जे एकतिसाव्या स्लाइडपासून डोळे मिटून विचार करत होते. भाचीने टेबलावर पाटी उभी केली आणि शेजारी आठ शर्ट टांगले. तिने 'उद्या सकाळी हवाच' वाचून दाखवलं तसे कारखानदार जागे झाले. 'रडू नये'पर्यंत ती पोचली आणि मागचं दार धाडकन उघडलं.

दारात दाजी. गुडघ्याला पट्टा. रिकामी भिंत बघून त्यांनी ताईकडून पत्ता काढला असणार.

"माझी पाटी."

त्याहून वाईट म्हणजे, संचालकांनी दाजींना पाहिलं मात्र, हातातली फाइल झटकन तोंडासमोर धरली. झालं, मी मनात म्हटलं, साहेबांना हा तमाशा बघवत नाही. आता सोमवार आणि काउंटर.

भाचीचा चेहरा पांढराफटक पडला. पण आवाज टिकला. "हे मालक. उरलेले प्रश्न यांनाच विचारावेत."

आकडेवाल्या बाईंनी चष्मा वर केला. "तुम्ही 'रडू नये' असं का लिहिलंत?"

दाजींनी सभागृहभर बघितलं. टांगलेले शर्ट बघितले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मला बघवत नाही हो. कुणी रडलं की मी पावतीबिवती न बघता देऊन टाकतो. मग नियम काय राहिला?"

कारखानदार असे हसले, की त्यांच्या हातातला पाण्याचा पेला सांडला. बाई हसल्या, सेहेचाळीस स्लाइडवालाही हसला. भाचीने तेवढ्यात एकसष्ट आणि तेवीस हे आकडे सांगून टाकले. दाजींनी बोटांवर मोजत मनातल्या मनात काही ताडून पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तेवीस? दोन दिवसांत?"

निकाल तिथेच लागला. बाईंनी वाचला, कारण संचालक अजून फाइलीतून बाहेर यायला तयार नव्हते. प्रवेश! भाचीने आधी मला मिठी मारली, मग पाटीला, मग दाजींना. दाजी म्हणाले, "ठीक आहे, ठीक आहे," आणि डोळे पुसायला टांगलेल्या शर्टाची बाही घेतली. ग्राहकाच्या.

पाटी बगलेत मारून मी जिना उतरत होतो, तेवढ्यात मागून कुणीतरी माझं कोपर धरलं. संचालक. फाइल अजून छातीशी. त्यांनी वर बघितलं, खाली बघितलं, दाजी लांब आहेत याची खात्री केली.

"तुम्ही त्यांचे मेव्हणे ना?" ते कुजबुजले. "एक करडा कोट आहे. चार वर्षं झाली. उजव्या बाहीला एक बटण कमी आहे. पावती... असो. जरा विचाराल का त्यांना? माझं नाव मात्र सांगू नका."