चारशेची दुरुस्ती

"उषाताई, तुमचा प्रोग्राम आज तारीखच न्हाई म्हणून राह्यला!"

इनायतभाई जिन्यावरूनच ओरडत आले. एका बियाणे कंपनीच्या लॅबमध्ये वीस वर्षं बिया उगवायला घालायच्या, कोंब मोजायचे आणि लॉट पास की नापास ते सांगायचं, हे त्यांचं काम. इतका शांत माणूस, पण त्या दिवशी घामाघूम झाला होता.

"तारीख नाही म्हणजे?"

"एकोणतीस फेब्रुवारी टाकली की चुकीची तारीख म्हणतंय. सातव्या दिवसाची मोजणी आजच हाय. कोंब वर येऊन बसलेत. त्यांना काय सांगू, उद्या या म्हणून?"

मला हसूच आलं. तेवढ्यात फोन वाजला. दुसरी कंपनी, तीच तक्रार. मग तिसरी. साडेदहापर्यंत अकरापैकी नऊ कंपन्यांचे फोन येऊन गेले आणि माझं हसू कुठच्या कुठे पळालं. सगळीकडे एकाच दिवशी बिघडलं, याचा अर्थ बिघाड मुळात होता.

मूळ हा शब्द आमच्या तातेराव सरांचा. पॉलिटेक्निकमधली नोकरी सोडून ते १९८९ साली जालन्याला कादराबादेत, सायकलच्या दुकानावरच्या खोलीत कॉम्प्युटर मांडून बसले. मी भोकरदनहून रोज एसटीने यायची. टायपिस्ट म्हणून लागले आणि त्यांच्या शिव्या खात खात प्रोग्राम लिहायला शिकले. जालन्यात बियाण्यांच्या कंपन्या गल्लोगल्ली. प्रत्येकीला लॅबसाठी प्रोग्राम हवा आणि प्रत्येकीचं काहीतरी वेगळं. कुणाला कपाशीची मोजणी एक दिवस आधी हवी, कुणाला नमुन्याचे चाराऐवजी आठ भाग, कुणाला लेबल तेलुगूत. दुसरा कुणी असता तर पहिल्याचा प्रोग्राम उचलून, इथे तिथे बदलून दुसऱ्याच्या गळ्यात मारला असता, आणि पुढे अकरा वेगवेगळे प्रोग्राम निस्तरत बसला असता. सरांनी सगळ्यांचं सारखं होतं तेवढं एका जागी लिहिलं. लॉट, नमुना, तारखा, मोजणी. ते झालं मूळ. ज्याचा त्याचा हट्ट बाजूला एका छोट्या फाइलीत, तिला म्हणायचं जोड. मुळात एकदा सुधारणा केली की अकरा घरी पोचायची.

"एकानं मागितलं तर जोडीत टाकायचं," सर मला दटावून सांगायचे. "दोघांनी मागितलं तरी जोडीतच. तिघांनी मागितलं तर मंग इचार करू मुळाचा. आणि मुळात कोण्या कंपनीचं नाव दिसलं ना उषा, तर हात तोडून टाकीन."

माझा हात दोनदा तुटता तुटता वाचला. कंपन्यांचे मालक एकमेकांचं तोंड बघायचे नाहीत, पण त्यांचे प्रोग्राम सख्खे भाऊ होते. सर त्याला आपलं खानदान म्हणायचे आणि एकटेच हसायचे.

नव्व्याण्णवच्या जुलैमध्ये भुजंगराव म्हणून एक मालक आले आणि त्यांनी रिपोर्टांचा गठ्ठा माझ्या टेबलावर आपटला.

"माझ्या लॅबच्या कागदावर त्या माणसाच्या कंपनीचं नाव? कोणाचं खाऊन राह्यले तुमी?"

खरंच होतं. अकराही लॅबच्या रिपोर्टांवर, अगदी वर, एकाच कंपनीचं नाव छापून येत होतं. कुणीतरी ते मुळात लिहिलं होतं. मी लिहिलं नव्हतं आणि ऑफिसात माणसं दोनच. मी स्क्रीनवर ती ओळ काढून सरांसमोर धरली. त्यांनी ती दोनदा वाचली.

"कोण्या गाढवानं केलं हे?" त्यांनी मला विचारलं.

ते नाटक करत नव्हते, त्यांना आठवतच नव्हतं. औरंगाबादच्या डॉक्टरांनी सांगितलं, विसरण्याचा आजार आहे, वाढतच जाणार. सर तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे. त्यांना घरच्यांनी अशक्तपणा आहे एवढंच सांगितलं.

त्यांच्या बायको, दुर्गाकाकू, ऑफिसात कधी येत नसत. त्या आठवड्यात आल्या आणि माझा हात धरून बसल्या.

"त्यान्ला घरी बसवू नको गं उषा. रईवारी घरी असले की नुसते भिंतीकडं बघत बसतेत. तुझ्याकडं आले की माणसात असतेत. काहीबी कर, पण येऊ नका असं बिलकुल म्हणू नको."

मग मी ते काहीबी केलं. सरांच्या कॉम्प्युटरवर मुळाची एक नक्कल ठेवली. ती कुठल्याही लॅबला जात नव्हती. खरं मूळ माझ्या कॉम्प्युटरवर. सर रोज साडेअकराला यायचे, त्या नकलेवर पाच वाजेपर्यंत काम करायचे आणि घरी जायचे. ते गेले की मी फ्लॉपी घालून जुनी कोरी नक्कल त्यावर चढवायची. दिवसभराचं त्यांचं काम एका मिनिटात साफ.

पहिले पंधरा दिवस पुसण्याआधी मी वाचत असे. एकच ओळ चारदा लिहिलेली. मध्येच पॉलिटेक्निकच्या पोरांना सूचना. एकदा तर दुर्गाकाकूंसाठी भाजीची यादी. वाचून मला रडू फुटायचं, म्हणून मी वाचणं सोडलं. सकाळी सर विचारायचे, "काल केलेलं मुळात घेतलं का?" मी म्हणायची, "घेतलं सर." सात महिने मी हे खोटं बोलले. आता तर जीभही अडखळत नव्हती.

तर दोन हजार सालची ती एकोणतीस फेब्रुवारी. सर आले तेव्हा इनायतभाई माझ्यासमोरच बसले होते. त्यांनी सरांना सगळं सांगितलं. सरांनी नीट ऐकलं. त्यांचा चेहरा एकदम पूर्वीसारखा झाला.

"एकोणतीस फेब्रुवारी? ते तर म्या कवाच केलं," सर म्हणाले. "आपण तारखेचा नियम एकोणनव्वदला हातानं लिहिला. चारानं भाग जातो ते लीप वर्ष, पण शंभरानं गेला तर न्हाई. तिथंच चुकलं. चारशेनं गेला तर पुन्हा लीप वर्ष. दोन हजाराला चारशेनं भाग जातो. ज्यान्ला शंभराचं ठाऊकच नव्हतं त्यांचे प्रोग्राम आज बराबर चालले असतील बघा, आपण अर्धे शहाणे म्हणून फसलो असतो. पण म्या केलं ना ते."

ते आपल्या कॉम्प्युटरवर बसले आणि मूळ उघडलं. बोटाने एकेक ओळ वाचत खाली गेले. चारचा नियम होता. शंभराचा होता. त्याखाली काहीच नव्हतं. ते पुन्हा वर गेले, पुन्हा खाली आले.

"इथंच लिहिल्तं," ते म्हणाले. "त्या दिवशी दुपारी लाईट गेल्ती. आली तवा लिहिलं. उषा, तुला सांगितल्तं ना म्या? चारशेचं केलं बरं का, असं म्हणलो ना तुला?"

म्हणाले होते. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, लाईट जाऊन आलेल्या दुपारी, अगदी याच शब्दांत. मी तेलुगू लेबलात डोकं घालून बसले होते. "छान केलं सर," मी म्हणाले आणि संध्याकाळी फ्लॉपी घातली.

खरं सांगायचं तर सात महिन्यांचं सांगावं लागणार होतं. तुमचं एकही अक्षर कुठे गेलं नाही सर, मी रोज पुसत होते, हे इनायतभाईंच्या देखत त्या माणसाला कसं सांगू? आणि नाही सांगितलं तर? सर माझ्याकडे बघत होते. परीक्षेला बसलेल्या पोरासारखे बघत होते.

"नाही सर," मी म्हणाले. "मला तसं काही आठवत नाही."

त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग हातांकडे.

"मंग नसंल केलं," ते म्हणाले.

ते उठले आणि इनायतभाईंसमोर हात जोडून उभे राहिले. मालकांना खोलीबाहेर काढणारा माणूस तो. "चूक माझी हाय इनायतभाई. मी केलं असं मला वाटून राह्यलं, पण न्हाई केलं. माफ करा."

"अरे सर, ऐसा मत करो," इनायतभाई गडबडून उभे राहिले. "होतं आदमीकडून."

मग सर माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी मला चार ओळी सांगितल्या. मी टाइप केल्या. एकही अक्षर चुकीचं नव्हतं. पाच मिनिटांत तारीख लागली.

"तू तपासून घे," ते म्हणाले. "आणि इथून पुढं माझं काही मुळात घेत जाऊ नको. माझा भरोसा न्हाई आता."

बाराच्या सुमाराला ते जिना उतरून गेले. मी फ्लॉप्या बनवत राहिले. अकरा लॅबना त्या संध्याकाळपर्यंत पोचवायच्या होत्या. दुसऱ्या दिवशी सर आले नाहीत. नंतरही कधी आले नाहीत. काकूंचा फोन आला, काही भांडण झालं का म्हणून. मी नाही म्हणाले.

खरं सांगायला जायचं असं मी रोज ठरवायची आणि रोज टाळायची. असे आठ महिने गेले. दिवाळी झाल्यावर एका दुपारी शेवटी गेले. सर ओसरीवर स्वच्छ सदरा घालून बसले होते. काकूंनी चहा ठेवायला आत जाताना मला खुणेनेच सांगितलं, फार अपेक्षा ठेवू नको.

मी सगळं सांगितलं. नक्कल, फ्लॉपी, लाईट गेलेली दुपार, चारशेची दुरुस्ती. ती त्यांनी केली होती आणि मीच पुसली, त्यांनी विचारल्यावर तोंडावर खोटं बोलले. सांगता सांगता हुंदका आवरेना. सर मन लावून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी आपला पंचा माझ्यापुढे केला.

"रडू नका बाई," ते म्हणाले. "त्या माणसाचं काम बराबर व्हतं, एवढं त्याला जाऊन सांगा एकदा. त्याला लई बरं वाटंल."

"सांगते," मी म्हणाले.